१९६९ कॅमॅरो: मागचं डावं चाक पाच सूत बाहेर येतंय, मापं कशी घ्यावीत?

गॅरेजातला_दिवा

नमस्कार मंडळी.

मिशिगनमधल्या आमच्या गॅरेजात चार वर्षांपासून एक १९६९ ची कॅमॅरो उभी आहे. चेसिस क्रमांकात एन आहे, म्हणजे ओहायोतल्या नॉरवूडच्या कारखान्यातली. ३५० घन इंचांचं इंजिन, मागे दहा बोल्टवाला अ‍ॅक्सल आणि पाटे. गंज कापून झाला, खालचा पत्रा नवा बसला, गेल्या हिवाळ्यात इंजिनही सुरू झालं. पुढचे ड्रम काढून ११ इंची डिस्क ब्रेकचा किट बसवला. आता गाडी स्वतःच्या चाकांवर उभी करायची एवढंच राहिलं होतं, आणि नेमका तिथेच अडकलोय.

डिस्क बसवल्यावर कळलं की मूळची १४ × ६ ची (व्यास १४ इंच, रुंदी ६) लोखंडी चाकं कॅलिपरवरून, म्हणजे डिस्कला आवळणाऱ्या ब्रेकच्या भागावरून, जातच नाहीत. म्हणून जुन्या चाकांचा एक संच घेतला. चारही १५ × ८, टायरसकट ४०० डॉलर. विकणारा म्हणाला, "पाच बोल्टची शेव्हरोलेची चाकं आहेत, कॅमॅरोला बसतील." बोल्टवर बसली, हे खरं. ५ × ४.७५ ची, म्हणजे ४.७५ इंच व्यासाच्या वर्तुळावरची पाच भोकं बरोबर जुळली. पुढे २३५/६०आर१५ आणि मागे २५५/६०आर१५ टायर आहेत (पहिला आकडा मिमीमधली रुंदी, दुसरा बाजूची उंची रुंदीच्या किती टक्के ते, शेवटचा रिमचा व्यास इंचांत).

गाडी घोडीवरून खाली घेतली आणि चित्र पालटलं. मागच्या मडगार्डच्या कडेवरून ओळंबा सोडला, तर डाव्या बाजूचा टायर दोरीच्या पाच सूत बाहेर (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). उजव्या बाजूचा तीन सूत. पुढे स्टिअरिंग अर्धं वळवलं की टायर मडगार्डच्या खालच्या मागच्या कोपऱ्याला लागतो. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ, म्हणजे जुन्या गाड्यांची मोठी फेरी असते. यंदा तिथे जायचं, असा शब्द मी लेकीला दिला आहे.

माझे प्रश्न: दोन बाजूंत फरक का पडतो? मागे १५ × ८ च हवं असेल, तर नवं चाक कोणत्या मापाचं मागवावं? ४.५ इंच बॅकस्पेसिंगवालं (हबच्या सपाटीपासून रिमच्या आतल्या कडेपर्यंतचं अंतर ४.५ इंच) सहज मिळतंय. आणि मडगार्डची कड आतून दुमडून घेतली तर भागेल का? आता दुसऱ्यांदा चुकीची चाकं घेणं मला परवडणार नाही.


चेवेलकाका

दिवाभाऊ, आधी एक काम करा. आहेत त्या चाकाचं बॅकस्पेसिंग मोजून इथे लिहा. टायर काढायची गरज नाही. चाक पालथं घाला, म्हणजे आतली बाजू वर येऊ द्या. कडेवर सरळ पट्टी आडवी ठेवा आणि पट्टीच्या खालून हब टेकतो त्या सपाटीपर्यंतची खोली घ्या. फक्त पट्टी रिमच्या कडेवर टेकलेली हवी, टायरच्या फुगवट्यावर नव्हे. टायर आड येत असेल तर फुगवट्यापासून रिमच्या कडेपर्यंतचं अंतर वजा करा.

चाकं विकताना लोक व्यास, रुंदी आणि बोल्टची भोकं सांगतात. चाक घासणार की नाही हे चौथ्या आकड्यावर ठरतं, आणि तो बहुतेक वेळा कोणी सांगत नाही.


गॅरेजातला_दिवा

काका, मोजलं. चारही चाकांचं ३.७५ भरलं.


चेवेलकाका

तिथेच घोटाळा आहे. आता हिशोब बघा.

चाकावर ८ लिहिलेलं असतं ते टायर बसतो त्या दोन खाचांमधलं अंतर. कडा धरून एकूण रुंदी साधारण ९ इंच. त्यातले ३.७५ आत गेले, उरलेले ५.२५ हबच्या सपाटीपासून बाहेर.

आता कंपनीने १९६९ च्या झेड/२८ ला (कॅमॅरोचंच वेगवान मॉडेल) दिलेलं रॅली नावाचं लोखंडी चाक घ्या. १५ × ७, बॅकस्पेसिंग ४.२५. एकूण रुंदी ८, त्यातून ४.२५ गेले, बाहेर ३.७५. म्हणजे तुमचं चाक मूळ चाकापेक्षा दीड इंच बाहेर उभं आहे. पुढे त्यात डिस्क किटची भर. ड्रमच्या जागी डिस्क आली की हबची सपाटी बऱ्याचदा बाहेर सरकते. तुमचा किट किती सरकवतो ते मोजायला हवं.

आणि हे फक्त घासण्यापुरतं नाही. पुढचं चाक जितकं बाहेर जाईल तितकं वळणाचा अक्ष आणि टायरचा मध्य यांतलं अंतर वाढतं. स्टिअरिंग जड होतं, खड्ड्यात एक चाक गेलं की हातातून हिसका बसतो आणि बेअरिंगवर वाकडा भार येतो. माझ्या १९७० च्या चेवेलला (तीही शेव्हरोलेचीच गाडी) पहिली तीन वर्षं अशीच बाहेर आलेली चाकं होती. दिसायला रुबाबदार वाटायची. पण महामार्गावर दोन्ही हात घट्ट धरून बसावं लागायचं, आणि पुढची बेअरिंग मी दोनदा बदलली.

आता तुमचा अ‍ॅक्सल कसा मोजायचा ते सांगतो. सावकाश करा.

गाडीचं वजन मागच्या पाट्यांवर हवं. घोड्या अ‍ॅक्सलच्या नळीखाली लावा, चेसिसखाली नको. अ‍ॅक्सल लोंबकळत असताना घेतलेलं माप रस्त्यावर कामाला येत नाही. पेट्रोलची टाकी अर्धी भरलेली, सीटं जागेवर, डिकीत स्टेपनी. चाक काढा, ड्रम जागेवर राहू द्या. ड्रमच्या सपाटीवर सरळ पट्टी उभी लावून दोन नटांनी हलकी दाबा. आता मडगार्डच्या कडेवरून ओळंबा सोडा आणि पट्टीपासून दोरीपर्यंतचं अंतर घ्या. हे झालं बाहेरचं माप. मग पट्टीपासून आत, चाकाच्या कप्प्याच्या पत्र्यापर्यंत आणि पाट्यापर्यंत, दोन्ही मोजा. जे कमी ते धरा. आतलं माप एकाच ठिकाणी घेऊ नका. टायर जिथे सगळ्यात फुगतो त्या उंचीवर घ्या, आणि समोर, वर, मागे असं तीन जागी.

कडेबद्दल एक. मागच्या मडगार्डची कड आत दुमडलेली असते. दोरी त्या दुमडीच्या सगळ्यात आतल्या टोकावरून सुटली पाहिजे. बाहेरच्या रंगावरून सोडलीत तर चार सूत जागा उगाच जास्त दिसेल.


पानगळ

काकांनी मापाचं सांगितलंच आहे. माझ्याकडे १९६८ ची मस्टँग आहे, तिच्यावरून एक सांगते. दुसऱ्याच्या गाडीचे आकडे उतरवून घेऊ नका. फोर्डची भोकं ५ × ४.५ ची, त्यामुळे तुमची चाकं माझ्या गाडीला बसणारच नाहीत. पण खरा फरक त्याच्या पुढचा. मस्टँगला पुढे शॉक टॉवर (शॉक अ‍ॅब्सॉर्बरचं वरचं टोक धरणारे पत्र्याचे उंचवटे) आडवे येतात, आतली जागा तिथे संपते. कॅमॅरोचा पुढचा सांगाडा वेगळा, त्यामुळे अडचणीची जागाही वेगळी. मी तर माझ्यासारख्याच दुसऱ्या १९६८ च्या मस्टँगचे आकडे घेऊन चाकं मागवली होती. उजवीकडे छान बसली, डावीकडे घासली. त्या गाडीचा मागचा पत्रा मूळचा होता, माझ्या गाडीचा अपघातानंतर बदललेला.

आता टायरचा मुद्दा. दिवा, तुम्ही घेतलेल्या टायरांच्या बाजूवर डीओटी (अमेरिकेच्या वाहतूक खात्याची खूण) या अक्षरांपासून सुरू होणारा अंक-अक्षरांचा पट्टा असेल. त्यातले शेवटचे चार आकडे वाचा. पहिले दोन म्हणजे आठवडा, पुढचे दोन म्हणजे वर्ष. तीनच आकडे असतील तर तो टायर २००० च्या आधीचा. पूर्ण पट्टा टायरच्या एकाच बाजूला असतो, तो आतल्या बाजूला गेला असेल तर गाडीखाली शिरून बघावं लागेल.


गॅरेजातला_दिवा

पानगळताई, आत्ता टॉर्च घेऊन खाली गेलो. ३४०९. चारहीवर तेच. नक्षी इतकी खोल आहे की मला ते नवेच वाटले होते.


पानगळ

२००९ चा चौतिसावा आठवडा. नक्षी बघू नका. गॅरेजात उभ्या गाडीचे टायर झिजत नाहीत, पण रबर म्हातारं होतं आणि आतल्या पट्ट्यांना धरून ठेवत नाही. टायर बनवणाऱ्या कंपन्याच दहा वर्षांनंतर वापरू नका म्हणतात, आणि काही गाडी कंपन्या सहा वर्षं धरतात. माझ्या भावाच्या गाडीचा असाच 'नवा' टायर ७० मैलांच्या वेगाने जाताना उकलला. नक्षीचा अख्खा पट्टा सुटून मागचं मडगार्ड आतून फाडून बाहेर आला. भाऊ सुखरूप राहिला, गाडी मात्र वर्षभर पत्र्याच्या कामात गेली. हे टायर मोजमापासाठी ठेवा, रस्त्यावर नका नेऊ.


लेथजवळचा

एक तातडीचं. दिवा, किटबरोबर आलेल्या पुढच्या डिस्कचे स्टड, म्हणजे चाकाचे नट लागतात ते बोल्ट, मोजलेत का? कॅमॅरोचे मूळ स्टड ७/१६-२० चे, म्हणजे ७/१६ इंच जाड, इंचाला २० आटे. बरेच डिस्क किट १/२-२० चे स्टड लावून येतात. तसं असेल तर तुमच्या गाडीला दोन जातींचे नट लागणार. आत्ता जाऊन बघा, मग पुढचं बोलू.


गॅरेजातला_दिवा

दादा, बघितलं आणि हात थंड पडले.

पुढे १/२ आहे, मागे ७/१६. मी नव्या नटांचा एकच डबा आणला होता, अर्ध्या इंचाचा. पुढे लावताना आटे छान धरले. आज मागच्या डाव्या चाकाचा एक नट सोडवला आणि तोच पुन्हा स्टडवर ठेवला, तर न फिरवता सरळ आत सरकला. बोटाने ढकलला आणि तळापर्यंत गेला. मागच्या चाकांना मी काही जुने नट लावले होते, काही नवे. जे नवे होते ते नुसते अडकून होते. गाडी गॅरेजाबाहेर फक्त वीस फूट गेली होती, तेवढ्यावर निभावलं.


लेथजवळचा

बरं झालं वीस फुटांतच कळलं. १/२-२० च्या नटाचं आतलं भोक ७/१६ च्या स्टडपेक्षा किंचित मोठं असतं, म्हणून तो आट्यांवरून घसरतो. पाना लावल्यावर कधीकधी थोडा अडकल्यासारखा वाटतो आणि माणूस फसतो.

माझा सल्ला: मागचे स्टडही १/२-२० चे करून घ्या. अ‍ॅक्सल बाहेर काढावे लागतील, पण तुमच्या प्रोजेक्टमध्ये ते तसेही एकदा काढणार असाल. जुना स्टड प्रेसने काढायचा, भोक नव्या स्टडच्या दात्यांच्या मापाला नीट करून घ्यायचं आणि नवा प्रेसनेच बसवायचा. हातोडीने ठोकू नका, आणि नटाने ओढूनही बसवू नका, आटे ताणले जातात. ते जमेपर्यंत मागचे ७/१६ चे नट वेगळ्या डब्यात, डब्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

नट किती आत गेला पाहिजे याचं साधं माप: स्टडच्या जाडीइतका तरी आट्यांत गुंतला पाहिजे. इंचाला २० आटे म्हटल्यावर ७/१६ ला जवळपास ९ फेरे आणि १/२ ला १० फेरे. चाक जागेवर ठेवा, नट हाताने लावा आणि फेरे मोजा. ५–६ फेऱ्यांत घट्ट झाला तर स्टड तोकडा आहे. मध्ये स्पेसर घालणाऱ्यांनी हे न चुकता मोजावं. नुसती चकतीसारखी स्पेसर जितकी जाड, तितके आटे गेले.

नटाचं बूडही बघा. रॅलीसारख्या लोखंडी चाकांना ६० अंशांचं शंकूचं बूड लागतं. क्रेगर एसएससारख्या काही जुन्या चाकांना सरळ दांड्याचा नट आणि खाली वॉशर लागतो. शंकूचा नट सरळ भोकात लावला तर तो कडेवर टेकतो, घट्ट झाल्यासारखा वाटतो आणि शंभर मैलांत सैल होतो.


डावे_आटे

माझी १९६९ ची डॉज डार्ट. तिची भोकं ५ × ४, आणि डाव्या बाजूच्या स्टडचे आटे उलटे. स्टडच्या टोकावर एल कोरलेला असतो. गाडी घेतली त्याच आठवड्यात टायरवाल्या पोराने एअर गनने डावीकडचे दोन स्टड मोडले. नेहमीच्या दिशेने सोडवतोय असं त्याला वाटत होतं, प्रत्यक्षात आवळत होता. दिवा, तुम्हाला कॅमॅरोत हा त्रास नाही. पण त्या काळातली क्रायस्लरची गाडी कोणाकडे असेल तर टायरवाल्याला आधी सांगा.


नवखा_रायडर

सगळं वाचतोय, खूप शिकायला मिळतंय. मला मागे २७५/६०आर१५ लावायचे आहेत, माझीही १९६९ चीच आहे. आणि १५ पेक्षा सरळ १८ इंची चाकं घेतली तर?


चेवेलकाका

२७५/६०आर१५ चा व्यास २८ इंच. २४५/६०आर१५ चा साधारण २६.६. रुंदी सोडा, उंचीनेच तो कॅमॅरोच्या मागच्या कडेला भिडू शकतो. माझ्या चेवेलला तो बसतो, कारण तिचा कप्पा मोठा आहे. शिवाय टायर मोठा केला की गिअर बदलल्यासारखं होतं. मागचा गिअर ३.३१ असेल तर २८ इंची टायरवर तो ३.१४ सारखा वागेल, उठाव कमी. स्पीडोमीटर ६० दाखवेल तेव्हा गाडी ६३ च्या वर असेल.

१८ चं म्हणाल तर ब्रेकवर ठरवा. १३ इंची डिस्क लावणार असाल तर १७ किंवा १८ लागेलच. १८ ला आधुनिक टायर भरपूर मिळतात, १५ ला वेगाचे चांगले टायर आता मोजके उरलेत. पांढऱ्या अक्षरांचे बीएफगुडरिच रेडियल टी/ए मिळतात, ते एस रेटिंगचे, म्हणजे ताशी ११२ मैलांपर्यंत. रोजच्या फिरण्याला भरपूर. मला १९६९ च्या गाडीखाली टायरची जाड बाजू बघायला आवडते. त्या गाड्यांच्या मडगार्डची गोलाई तशा टायरसाठीच काढलेली आहे.

दिवाभाऊ, मापं कुठवर आली?


गॅरेजातला_दिवा

शनिवारी दिवसभर हेच केलं. लेकीने दोरी धरली, मी पट्टी, आणि तिनेच आकडे वहीत लिहिले. ड्रमच्या सपाटीपासून:

डावीकडे बाहेर ५.२५, आत ६.२५.
उजवीकडे बाहेर ५.५०, आत ६.००.

दोन्हीकडे बेरीज ११.५ च येते. म्हणजे अ‍ॅक्सलच डावीकडे सरकलाय, बरोबर ना?

आता माझा हिशोब. २५५ मिमी म्हणजे १०.०४ इंच, अर्धे ५.०२. १५ × ८ चं चाक ४.५ बॅकस्पेसिंगने घेतलं तर ते बरोबर मध्यावर येतं. डावीकडे ५.२५ वजा ५.०२, म्हणजे जवळपास दोन सूत जागा उरते. कड दुमडली की अजून तीन सूत. चालेल?


चेवेलकाका

मापं झकास घेतलीत. लेकीला शाबासकी सांगा.

अ‍ॅक्सलचं बरोबर आहे. दोन बाजूंत पाव इंच फरक म्हणजे अ‍ॅक्सल सव्वासहा मिमी नव्हे, त्याच्या निम्मा, तीन मिमी, आपल्या भाषेत एक सूत डावीकडे आहे. तो एका बाजूला जितका सरकतो तितकीच दुसरीकडची जागा वाढते, म्हणून फरक दुप्पट दिसतो. या गाड्यांत इतकं सर्रास असतं. पाट्यांच्या यू-बोल्ट सैल करून, मधली पिन आपल्या खड्ड्यात नीट बसलीय का ते बघा. पिन बरोबर असेल तर एका सुतासाठी मागे लागू नका. चाक निवडताना डावीकडचं बाहेरचं आणि उजवीकडचं आतलं माप धरा, दोन्ही बाजू त्यात बसतील.

हिशोबात मात्र एक गोष्ट राहिली. टायरवरचा २५५ हा आकडा ठरावीक रुंदीच्या रिमवर मोजलेला असतो. २५५/६० साठी ती ७.५ इंच आणि २४५/६० साठी ७. रिम अर्धा इंच रुंद केलं की टायर साधारण ०.२ इंच फुगतो. तुमचा २५५ आठ इंची रिमवर १०.२४ होईल, अर्धे ५.१२. डावीकडे उरलं फक्त एक सूत. पाट्यांच्या गाडीत वळणावर अ‍ॅक्सल आडवा सरकतो आणि बॉडी त्याच वेळी खाली येते. मी बाहेर चार सूत तरी सोडतो.

८ इंची रिमच हवं तर बॅकस्पेसिंग ४.७५ मागवा. बाहेर तीन सूत, उजवीकडे आत पाच सूत मिळतील. कड दुमडली तर ते नीट बसेल. पण ते बहुधा बनवून घ्यावं लागेल.


रंगारी_हात

कड दुमडण्याबद्दल मी बोलू का? पत्र्याचं आणि रंगाचं काम करतो.

हबला लावायचं रोलर वापरलं, रंग हीट गनने हाताला सोसवत नाही इतपत गरम ठेवला आणि दहा-बारा फेऱ्यांत थोडं थोडं वळवलं, तर मूळच्या पत्र्यावर काम सुरेख होतं. घाईत, थंड पत्र्यावर केलं की रंगाला केसासारख्या भेगा पडतात आणि पुढच्या हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ आत शिरतं. पण आधी एक तपासा. फ्रिजवर लावतात तसं मऊ लोहचुंबक घ्या, कापडात गुंडाळा आणि कडेवरून हळूहळू फिरवा. जिथे पकड ढिली होते तिथे आत पुट्टी आहे. पुट्टी वळत नाही, तुटते.


गॅरेजातला_दिवा

चुंबक फिरवलं. उजवीकडे सगळीकडे चिकटलं. डावीकडे चाकाच्या मागच्या खालच्या भागात हाताच्या तळव्याएवढ्या जागेत ते घसरूनच पडलं. आधीच्या मालकाने तिथे किती पुट्टी भरली असेल देव जाणे. तिथे रोलर लावणार नाही. पुढे कधी अख्खा पत्रा बदलेन तेव्हा बघू.

रात्री वही घेऊन बसलो आणि उलटा विचार केला. रिमच लहान घेतलं तर? १५ × ७, बॅकस्पेसिंग ४.२५, त्यावर २४५/६०आर१५. रिम मोजमापाच्याच रुंदीचं, त्यामुळे टायर ९.६५ च राहतो, अर्धे ४.८२. चाक पाव इंच आत बसतं, म्हणून बाहेर ४.५७ आणि आत ५.०७. डावीकडे बाहेर ०.६८ उरतं, पाच सुतांच्या वर. उजवीकडे आत ०.९३, सात सूत. कड न दुमडता.

आणि ते चाक म्हणजे तेच, काकांनी पहिल्या दिवशी सांगितलेलं झेड/२८ चं रॅली. टायर दहा मिमी अरुंद झाला, बाकी मला हवं ते सगळं मिळतंय. चारही तीच घेतोय.


चेवेलकाका

मागचं सुटलं. पण पुढचं बसलं असं समजू नका. किटने किती बाहेर नेलंय?


गॅरेजातला_दिवा

तीन सूत. जुन्या हबवर ड्रम चढवून आणि नव्या डिस्कवर, दोन्ही सपाट्यांची मापं एकाच जागेवरून घेतली.


चेवेलकाका

मग नवे टायर घ्यायच्या आधी एकदा अलाइनमेंट करून घ्या. कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) आणि कॅस्टर (वळणाच्या अक्षाचा पुढे-मागे कल) बदलले की कप्प्यातली टायरची जागा बदलते. १९६९ चे आकडे बायस प्लाय या जुन्या, तिरप्या धाग्यांच्या टायरचे आहेत, कॅस्टर अगदी थोडा. आजचे रेडियल टायर आणि पॉवर स्टिअरिंग असेल तर ३ ते ५ अंश पॉझिटिव्ह मागा, गाडी सरळ धावते. ते झाल्यावर स्प्रिंग काढून तपासा. स्प्रिंग काढताना जपा. कंप्रेसर लावा, वरून साखळी बांधा आणि तोंड समोर ठेवू नका. मग खालच्या आर्मला जॅक लावून चाक थेट रबरी ठोकळ्यापर्यंत वर न्या आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत स्टिअरिंग फिरवा. कडेवर मुलांच्या खेळण्यातली माती चिकटवा. टायर जिथे लागेल तिथे माती सांगेल.


गॅरेजातला_दिवा

तीन आठवड्यांनी लिहितोय.

रॅली चाकं आली. मागचे अ‍ॅक्सल काढून १/२ चे स्टड बसवून घेतले, आता चारही चाकांना एकच नट, शंकूच्या बुडाचा. सगळे दहा फेऱ्यांच्या पुढे जातात, मी वीसही मोजले. पिन खड्ड्यात नीट होती, अ‍ॅक्सल होता तसा ठेवला.

पुढे २३५/६० चं चाक एका मित्राकडून उसनं आणून तपासलं. ठोकळ्यापर्यंत वर नेलं आणि पूर्ण डावीकडे वळवलं, तर मडगार्डच्या खालच्या मागच्या कोपऱ्यावरच्या मातीत टायरच्या नक्षीचे चार स्वच्छ ठसे उमटले, नखाएवढे खोल. म्हणून पुढे २२५/६०आर१५ घेतले. त्यांचा व्यास २५.६, मागच्यांपेक्षा एक इंच कमी. गाडी नाकाने किंचित खाली झुकलेली दिसते आणि मला ते फार आवडलंय. चारही टायरचे डीओटीचे शेवटचे चार आकडे दुकानातच वाचले, मगच बसवू दिले.

एअर गन लावू दिली नाही. चाक हवेत असताना नट हाताने, चांदणीच्या क्रमाने (एक सोडून एक) टेकवले, खाली आणून टॉर्क पान्याने ८० फूट-पाउंड.


लेथजवळचा

८० बरोबर आहे. ५० ते १०० मैलांनी पुन्हा पाना लावा. नवी चाकं, नवे स्टड, नवा रंग, सगळंच थोडं थोडं बसतं.


पानगळ

आणि माती एवढ्यात काढू नका. गॅरेजात जॅकवर जे लागत नाही ते कधीकधी रस्त्यावर, मागच्या सीटवर दोन माणसं असताना लागतं. पहिल्या फेरीला चारही कडांवर राहू द्या.


गॅरेजातला_दिवा

काल पहिली खरी फेरी झाली. मी, बायको आणि मागे लेक व तिची मैत्रीण. ८२ मैल. रेल्वेच्या रुळांवरून मुद्दाम दोनदा गेलो, एका रिकाम्या पार्किंगमध्ये स्टिअरिंग दोन्हीकडे टोकापर्यंत फिरवलं. ६० ला हात हलके ठेवले तरी गाडी सरळ धावते, हिसका नाही, थरथर नाही.

घरी येऊन इंजिन थंड व्हायच्या आत पाना घेतला. वीस नटांपैकी अठरा जागचे हलले नाहीत. मागच्या उजव्या चाकाचे दोन पाऊण इंच फिरले आणि पान्याने टक् केलं. शनिवारी पुन्हा तपासणार आहे.

मग लेकीने टॉर्च धरली आणि आम्ही एकेक कड बघितली. पुढे दोन्हीकडे माती कोरी. मागे उजवीकडे कोरी. मागच्या डाव्या कडेवर, जिथे पाच सुतांचं सगळं सुरू झालं होतं, तिथे एक ठसा दिसला आणि मी खाली बसलो. टॉर्च जवळ नेल्यावर त्यात बारीक गोल रेषा दिसल्या. माती चिकटवताना लेकीने दाबलेला तिचा अंगठा होता.